दुपाऱ्या मारुती

त्या आळीची सगळी फरपट सुरू झाली ती एका हत्तिणीच्या पोटामुळं.

सूपआळी म्हणायचे तिला. पेशवाईतलं पुणं. बुरडांची बारा घरं, सहा ह्या अंगाला, सहा त्या अंगाला, आणि मधे वाट एवढीशी की समोरच्या घरात कुणी शिंकलं तर ह्या घरातल्यानं तोंड पुसावं. दिवसभर बांबू फाडल्याचा आवाज. सुपं, रोवळ्या, टोपल्या, कणग्या. पुण्यात लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणी गेलेलं असो, माणूस सूपआळीत यायचाच.

मग सरदार जयसिंगरावांनी आळीच्या टोकाला नवा वाडा बांधला. वाड्याचा दरवाजा मोठा, म्हणून त्याला शोभेशी हत्तीण आणली. नाव चंपाकळी. माहुतानं जवळची वाट म्हणून तिला सूपआळीत घातली आणि ती तुळजाबाईचा ओटा आणि समोरच्या गेनबाची भिंत ह्यांच्यामधे गच्च बसली. पुढं जाईना, मागं येईना. एक नाही, दीड दिवस! तुळजाबाईच्या घरात भरदुपारी दिवा लावावा लागला, कारण दारात हत्तिणीची कूस. माणसं डोक्यावर सुपं घेऊन तिच्या पोटाखालून ये-जा करायची. गेनबाची म्हैस तर तिला आपलीच कुणी थोरली बहीण समजून चाटत बसली. शेवटी दोन घागरी गोडेतेल दोन्ही कुशींना चोळलं आणि पुढून ऊस दाखवला, तेव्हा चंपाकळी जी सुटली ती वाड्याच्या पुढच्या दरवाजातून आत आणि मागच्या भिंतीतून बाहेर.

सगळं पुणं पोट धरून हसलं. सरदार तेवढे हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दीनानाथपंत आले. सरकारी कारकून, अंगानं काडी आणि जिभेनं कात्री. बरोबर मापाची दोरी धरायला दोन माणसं.

"हा ओटा कुणाचा?"

"माझा," तुळजाबाई म्हणाली.

"होता." पंतांनी चुन्याची रेघ ओढायला लावली. रेघ ओट्यावर चढली, उंबरा ओलांडला आणि थेट चुलीपाशी जाऊन थांबली. "इथवरचं सगळं जाईल. रस्ता रुंद व्हायचाय. आठ दिवस आहेत."

"मग मला ऱ्हातंय काय?"

"चुलीमागची भिंत राहते की. टेकायला."

तुळजाबाई आत गेली आणि गाठोड्यातून एक जीर्ण कागद घेऊन आली. "पंत, आमी काय आपल्या पायानं न्हाई आलो हितं. ह्या पेठंत कुत्रं फिरकत नव्हतं तवा पेठ वसवणाऱ्या शेट्यांनी जुन्नरास माणूस धाडला. या, बसा, सात वर्सं पट्टी न्हाई म्हणाले. ह्यो बघा कौल."

पंतांनी कागद हातातही घेतला नाही. "कौल बसण्याचा आहे बाई. बसून राहण्याचा कुठे आहे?"

तुळजाबाईनं कौलाची घडी घातली. साठीची बाई. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याबरोबर इथं आली तेव्हा नुसत्या बाभळी होत्या आणि ओढ्याचा चिखल. बाभळी तोडून दोघांनी हे घर उभं केलं. तीन पोरं इथं झाली, त्यातली दोन इथंच गेली. नवरा त्या ओट्यावर सूप विणता विणता गेला, शेवटचा टाका तसाच राहिला. आता राहिलेला मुलगा संभाजी, सून सरू आणि ती. तिला दुसरं काही नको होतं. ज्या ओट्यावर नवरा गेला त्या ओट्यावरून आपणही जावं, एवढंच.

तीन दिवस तिनं विचार केला. सुपं विकायला ती कसब्याकडं जायची. तिकडं एक रस्ता सरळ येता येता मधेच उगाच वाकडा झाला होता, कारण वाटेत शेंदूर फासलेला एक दगड होता. मोठमोठ्या पालख्या, तोफांचे गाडे, सगळे त्या वितीएवढ्या दगडाला वळसा घालून जायचे. तुळजाबाईनं तो वळसा शेकडो वेळा चालला होता. चौथ्या दिवशी तिथं थांबून तिनं दगडाला नीट निरखून पाहिलं. तसला एक दगड तिच्या परसात बांबूंच्या ढिगाखाली पडलेला होता.

नवऱ्याचा कोयता पाजळायचा दगड तो. वीस वर्षं घासून घासून मधोमध एक वाकडी खोबण पडलेली. नवरा गेल्यावर संभाजीनं नवा दगड आणला आणि हा मागं पडला.

आता दगड आणायचा कधी? रात्री तोफ झाली की रस्त्यात दिसेल त्याला गस्तवाले धरून नेत. पण गस्तवाले रात्रीचे. दुपारी काय? दुपारी पुण्यात जागं कोण असतं? जेवणं झाली की पेठाच्या पेठा आडव्या व्हायच्या. दुकानदार दुकानात, गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर. म्हणतात की मंडईत मापाला घातलेलं धान्यसुद्धा तराजूत तसंच लोंबकळत राहायचं. आणि एकदा एक चोर भरदुपारी एका घरात शिरला, तर तिथल्या घोरण्यानं त्यालाही झोप लागली. तिन्हीसांजेला घरच्यांनी त्याला चहा नव्हता त्या काळी म्हणून ताक देऊन उठवला.

तर पाचव्या दिवशी, सूर्य डोक्यावर आणि सगळी आळी घोरतेय, अशा वेळी तुळजाबाई उठली. दगड चांगला मांडीएवढा. पण बुरडीणच ती. बांबूचे तीन तुकडे खाली घातले, चौथ्याची तरफ केली आणि दगड लोटत लोटत पुढं आणला. मागचा तुकडा सुटला की उचलायचा, पुढं घालायचा. असं करत दाराबाहेर, ओट्यासमोर, पंतांच्या दोरीच्या अगदी मधोमध. खोबणीची बाजू रस्त्याकडं करून उभा पुरला. शेंदूर तेलात कालवून फासला, वर रुईची पानं ठेवली, हात धुतले आणि आत जाऊन आडवी झाली. मग अशी किंकाळी मारली की बारा घरांतली घोरणी एकदम बंद पडली.

"सपान पडलं मला! मारुती आला! म्हणला, दुपारचं ऊन लागतंया, मला सावली द्या!"

माणसं डोळे चोळत बाहेर आली. बघतात तर खरंच. सरूनं तिथंच लोटांगण घातलं. गेनबानं पागोटं काढून दगडाच्या पायाशी ठेवलं. संभाजी मात्र दगडाकडं बघतच राहिला. बराच वेळ बघितलं त्यानं. मग तोही वाकला.

"ती खोबण बघा," गेनबा म्हणाला. "शेपटी हाय ती! उड्डाण करतोय मारुती!"

तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला, पण लोकांना वाटलं हुंदका आला.

आठव्या दिवशी पंत पहारी-कुदळीवाले बेलदार घेऊन आले. दगडापुढं नारळांचा ढीग आणि बायकांची रांग. बेलदारांनी पहारी खाली ठेवल्या त्या ठेवल्याच.

पंतांनी मारुतीकडं पाहिलं, मग तुळजाबाईकडं. "कधी आले म्हणे मारुतीराय?"

"दुपारी."

"दुपारी? मग पुण्यातले नसावेत." त्यांनी उपरण्यानं घाम पुसला. "आणि बरोबर माझ्या दोरीवर उतरले. माप छान आहे देवाचं."

"देवाला काय सांगावं, पंत. तुमी सांगून बघा."

पंत हसले. कसं हसले ते तुळजाबाईला तेव्हा कळलं नाही. त्यांनी दगडाला हात जोडले, दोरी गुंडाळली आणि निघून गेले. आळीनं त्या दिवशी गूळ वाटला. "दुपाऱ्या मारुती," कुणीतरी म्हणालं, आणि तेच नाव पडलं.

चार दिवसांनी पंत परत आले. दोरी देवाच्या ह्या बाजूनं नाही, त्या बाजूनं लावली.

"इकडे मारुती आहे. तेव्हा रस्ता तिकडे सरकेल," ते म्हणाले, आणि चुन्याची रेघ गेनबाच्या ओट्यावर चढली. तिकडच्या सहाही घरांवर चढली. आणि ह्या खेपेला ती चुलीपाशीसुद्धा थांबली नाही, पार परसातून बाहेर गेली.

तुळजाबाई पुढं झाली. "पंत, त्यांचं काय? त्यांनी काय केलं?"

"त्यांनी? काही नाही," पंत म्हणाले. "देव तुमच्या दारात आला, बाई. त्यांच्या नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण मागं आपला ओटा होता, चूल होती, सरूचं लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी रिकामीच असलेली पाळण्याची कडी होती. तुळजाबाईनं तोंड मिटलं.

गेनबाचं घर पाडलं त्या दिवशी गेनबा मारुतीपुढं उभा राहिला. गाडीत सामान, गाडीमागं म्हैस. "असू दे, तुळजा," म्हणाला. "देवाला वाट दिली म्हणायचं. सरदारासाठी गेलं असतं तर जिवाला लागलं असतं." वाकून नमस्कार केला आणि गेला. तुळजाबाई दाराआड उभी होती. ती बाहेर आली नाही.

त्यानंतर आळी अशी बदलली, जशी एखादी माहेरवाशीण सासरी जाऊन परत येते आणि आईलाच ओळख देत नाही. रस्ता रुंद झाला. गेनबाच्या घराच्या जागी फुलांची, अत्तराची, पेढ्यांची दुकानं लागली. सरदारांच्या बाईसाहेबांना दमा होता. त्यांनी दुपाऱ्याला नवस केला, योगायोगानं त्या साली दमा उठला नाही, आणि त्यांनी देऊळ बांधलं. चौथरा, घुमटी, पुढं सभामंडप. मारुतीला चांदीचे डोळे. पूजेला बाळंभट नावाचे पोटसुटे गृहस्थ नेमले. हा मारुती लंकेहून परत येताना दमून इथं दुपारची वामकुक्षी घ्यायला थांबला होता, असं माहात्म्य त्यांनी रचलं. ऐकायला शनिवारी एवढी गर्दी व्हायची की पाठीमागच्या माणसाला कथा ऐकू जाईपर्यंत पुढच्याचा प्रसाद खाऊन व्हायचा.

सरूनंही नवस केला. अकरा शनिवार निरंकार राहिली. पुढच्या सालात तिला मुलगी झाली. आता सरूपुढं कुणी दुपाऱ्याबद्दल अर्धा शब्द काढला असता तर तिनं त्याचा कान उपटला असता.

तुळजाबाईला गंमत वाटायची सुरुवातीला. बायका येऊन तिच्याच पाया पडायच्या, स्वप्न कसं पडलं ते विचारायच्या. ती सांगायची. दर खेपेला थोडं वाढवून. पहिल्यांदा मारुती नुसता बोलला होता. मग तो उडत आला. मग येताना त्याच्या शेपटीनं वाड्याचा कळस हलला. पंतसुद्धा आता तिला "तुळजाबाई" म्हणायचे, रस्त्यात भेटले तर "अहो, मारुतीराय काय म्हणतात?" विचारायचे. फक्त एकच झालं. सभामंडप बांधताना बाळंभटांनी चुन्याची एक रेघ मारली आणि सांगितलं, बुरडांनी दर्शन घ्यायचं ते ह्या रेघेबाहेरून.

"माझ्या सपनात आला त्यो," तुळजाबाई म्हणाली.

"स्वप्नात येऊ दे हो. तिथं सोवळं नसतं," बाळंभट म्हणाले.

आणि मग तो शनिवार आला. बाईसाहेबांचा मेणा देवळापाशी यायला आणि तुळजाबाईच्या दारातून दोन माणसं खांद्यावर दोन लांब बांबू आणि कामट्यांची मोळी घेऊन बाहेर पडायला एक गाठ पडली. तिरडीचं सामान ते. पुण्यात कुणी गेलं की सूपआळीतूनच जायचं, पहिल्यापासून. बाईसाहेबांनी मेण्याचा पडदा सारला होता, नेमकं तेवढंच दिसलं. मेणा तिथल्या तिथं माघारी फिरला. संध्याकाळी त्यांना दम्याचा झटका आला.

आठ दिवसांत हुकूम निघाला. देवाच्या दारात तिरडीचं सामान विकणं अशुभ. सबब उरलेल्या सहा बुरडांनी उठावं. ओढ्यापलीकडं जागा दिली आहे. सात वर्षं पट्टी माफ.

हुकूम वाचून दाखवायला पंतच आले होते. तुळजाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. आजूबाजूला दहा-बारा कारकून लेखण्या करकरवत होते.

"पंत, त्यो मारुती न्हाई. माझ्या धन्याचा कोयता पाजळायचा दगड हाय. मी पुरला. बांबूवर लोटत नेला. सपान-बिपान काय पडलं न्हाई."

लेखण्या थांबल्या. मग एक कारकून खुसखुसला आणि सगळेच हसले. पंत हसले नाहीत. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"मला ठाऊक नाही होय ते? पहिल्याच दिवशी तुझ्या नखात शेंदूर होता, बुरडिणी."

"मग?"

"मग काय? तेव्हा मी दगड म्हणालो असतो तर पेठेनं मला दगड मारले असते. आता तू म्हण." त्यांनी लेखणी दौतीत बुडवली. "बाईसाहेबांचा दमा त्यानं घालवलाय. बाळंभटाचं घर त्यावर चालतं. तेहतीस दुकानं आहेत. तुझ्या सुनेला मुलगी झाली. एवढं सगळं ज्यानं केलं त्याला दगड म्हणायचं, तर दुसरा देव आणायचा कुठून? जा. आणि हे बाहेर बोलू नकोस. देवाची निंदा केली म्हणून फटके बसतात."

घरी येऊन तिनं संभाजीला हाताला धरून परसात नेलं. बोलायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"आबाचा दगड. मी त्यावर कोयता घासून मोठा झालो, आये. मला कळंना व्हय? पहिल्याच दिशी ओळखला."

"मग बोलला का न्हाईस?"

संभाजी बांबूचं साल नखानं सोलत राहिला. "आदी वाटलं, घर वाचतंय तर वाचू दे. मंग गेनबाकाकाचं गेलं, तवा बोलवंना. मंग पोर झाली." त्यानं मान वर केली. "आता मला दगड दिसतच न्हाई त्यात. खरं सांगतो. आबाच्या दगडात देव आला, ह्ये काय थोडं झालं? त्यो म्हणतोय ऊठ, तर उठायचं."

"त्यो म्हणत न्हाई रं! सरदारीण म्हणतीया!"

तेवढ्यात दारातून सरूचा आवाज आला. कडेवर मुलगी होती. "आत्याबाई, हात जोडते. पोरीदेखत देवाला असलं बोलू नगा. तिला काय झालं मंजी?" बोलता बोलता तिनं मुलीचे कानसुद्धा झाकले. वर्षाची पोर ती, तिला काय कळणार होतं?

गाड्या भरल्या. निघताना संभाजी, सरू, आळीतले सगळे रेघेबाहेर उभे राहिले, हात जोडून. रडत होते, पण रागावलेलं कुणीच नव्हतं. तुळजाबाई रेघेपाशी गेली. शेंदराचे थरावर थर चढून खोबण केव्हाच बुजली होती, आत चांदीचे डोळे तेवढे चमकत होते. तिला एकदा हात लावून बघायचा होता, दगड अजून तसाच गार लागतो का. तिनं पाऊल आत टाकलं, तशी बाळंभटांनी पळीनं तांब्या वाजवला. "तिथूनच. तिथूनच, बाई."

ती तिथूनच वळली.

ओढ्यापलीकडं बाभळी होत्या आणि चिखल. चारपाच झोपड्या उभ्या होत्या, त्यांतल्या एकीच्या दाराशी गेनबा कामट्या तासत बसला होता. म्हातारा झाला होता, म्हैस नव्हती. तुळजाबाईला बघून त्याचं तोंड उजळलं.

"ये, ये! दुपाऱ्यानं तुलाबी धाडलं व्हय? बस. पानी पी. म्हणलं, अर्धेच उरलो. आता आळी झाली बघ." त्यानं तिच्यासाठी बांबूची तट्टी झटकून अंथरली. "मी रोज त्याला हितनं नमस्कार करतो. म्हणतो, बाबा, तुझ्यासाठी वाट दिली, याद ठेव."

तुळजाबाई खाली बसली. पाणी प्यायली. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला गरज नव्हती. कचेरीत हसले होते, घरात कान झाकले होते. इथं गप्प राहिली असती तर उरलेलं आयुष्य शेजारात सुखानं गेलं असतं. पण त्याचं ते हात जोडणं तिला बघवेना.

"गेनबा, त्यो देव न्हाई. माझ्या धन्याचा कोयत्याचा दगड हाय. घर वाचवाया मी पुरला दुपारचा. माझं वाचलं, तुझं गेलं."

गेनबाचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग ओढ्यापलीकडं दिसणाऱ्या घुमटीकडं, मग परत तिच्याकडं. हसला नाही. कान झाकले नाहीत. देवाची निंदा करू नकोस म्हणाला नाही. दगड हा नुसता दगड होता, ह्यावर तिच्या शब्दाखातर विश्वास ठेवणारा सगळ्या पुण्यात तो एकटाच निघाला.

तो उठला. कोयता, कामट्या, अर्धं झालेलं सूप, सगळं एकेक उचललं. तिच्या बुडाखालची तट्टीही हलक्या हातानं ओढून घेतली. झोपडीच्या दुसऱ्या अंगाला, तिच्याकडं पाठ होईल असा जाऊन बसला आणि बांबू फाडायला लागला.

त्यानंतर सात वर्षं, पट्टी माफ होती तोवर आणि पुढंही, दोघं शेजारी राहिले. तो तिच्याशी बोलला नाही.